स्टिअरिंग उजवीकडे आलं, ब्रेक मागे राहिला

प्रति,
मा. परिवहन मंत्री,
युनायटेड किंग्डम सरकार,
ग्रेट मिन्स्टर हाउस, हॉर्सफेरी रोड, लंडन.

विषय : डाव्या हाताची गाडी उजव्या हाताची करून घेतल्यावर तिची एकदा तरी तपासणी व्हावी, याबाबत.

मंत्रिमहोदय,

या पत्राची इंग्रजी प्रत तुमच्या कार्यालयाकडे रीतसर पोचेल. मराठीत लिहिते आहे त्याला दोन कारणं. एक म्हणजे २००८ साली टाटांनी जॅग्वार लँड रोव्हर घेतल्यापासून कॉव्हेंट्री, वॉरिक, गेडन या टापूत पुणे-पिंपरीहून आलेल्या अभियंत्यांची घरं थोडीथोडकी राहिलेली नाहीत. आठवडाभर नवी गाडी घडवायची आणि शनिवारी जुनी गाडी खोलून बसायचं, हे वेड आमच्यात आता चांगलंच पसरलं आहे. त्यांनीही हे वाचायला हवं. दुसरं म्हणजे मी जे मागणार आहे त्याची सुरुवात कुंभार्ली घाटात होते, आणि घाटातल्या गोष्टी मला इंग्रजीत सांगता येत नाहीत.

माझे वडील पाटबंधारे खात्यात होते, आमचं बालपण कोयनानगरच्या वसाहतीत गेलं. खात्याची जीप डाव्या हाताची होती. महिंद्रांनी १९४९ साली अमेरिकेतल्या विलीज कंपनीच्या जीपचे सुटे भाग आणून मुंबईत माझगावला जोडायला सुरुवात केली. पुढे कितीतरी वर्षं आपल्याकडे डाव्या स्टिअरिंगच्या जीप धावत होत्या. मागच्या फळीवर पांढऱ्या रंगात ‘लेफ्ट हँड ड्राइव्ह’ असं लिहिलेलं असे. मागून येणाऱ्याने समजून घ्यावं, एवढाच त्याचा अर्थ.

घाटात पुढे ट्रक आला की डावीकडे बसलेल्या ड्रायव्हरमामांना ट्रकच्या मागच्या फळीशिवाय काही दिसत नसे. मग उजवीकडे बसलेले वडील मान बाहेर काढून बघायचे आणि म्हणायचे, “हां, काढा.” मामा गाडी काढायचे ती वडिलांच्या डोळ्यांवर. एकदा वडिलांना डुलकी लागली होती. मामांनी अख्खा घाट ट्रकचा धूर खात उतरला, पण वडिलांना उठवलं नाही. आईने विचारलं तर म्हणाले, “झोपेतून उठलेला माणूस हां म्हणाला, तर त्या हांचा काय भरवसा?”

भारताच्या १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात आजही कलम १२० आहे. डाव्या स्टिअरिंगची गाडी चालवायची असेल, तर तिला चालू स्थितीतलं यांत्रिक किंवा विजेचं इशारा देणारं साधन हवं, असं ते सांगतं. कारण साधं आहे. डावीकडे बसलेल्या माणसाने हात काढून दाखवला, तरी तो रस्त्याच्या बाजूला दिसत नाही. म्हणून स्टिअरिंग उजवीकडे घ्यावंसं का वाटतं, हे मला कुणी समजावून सांगायला नको. मी या बदलाच्या विरोधात नाही.

तुमच्या देशात डाव्या हाताची गाडी चालवणं बेकायदा नाही. दिव्याचा डिपर डावीकडे झुकायला हवा, वेग मैलांत दिसायला हवा, मागचा धुक्याचा दिवा उजवीकडे किंवा मधोमध हवा, अशा काही अटी आयात केलेल्या अलीकडच्या गाडीला पाळाव्या लागतात. त्या पाळल्या की स्टिअरिंग कुठेही असो. तरीही लोक ते उजवीकडे घेतात, आणि त्यामागे एक मजेदार इतिहास आहे.

एमजीबी ही छोटी, दोन माणसांची, उघड्या टपाची गाडी १९६२ ते १९८० या काळात ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डनला बनत होती. लाखोंनी बनल्या, आणि त्यांतला मोठा वाटा स्टिअरिंग डावीकडे घेऊन अमेरिकेला गेला. भारतात आज हेक्टर गाडीवर जो अष्टकोन दिसतो, तो याच एमजीचा. ब्रिटनमध्येच राहिलेल्या गाड्यांना पाऊस आणि हिवाळ्यात रस्त्यावर पसरलेलं मीठ लागलं, त्यांचे पत्रे वाळवी लागल्यासारखे झाले. कॅलिफोर्निया-ॲरिझोनाच्या कोरड्या हवेत नांदलेल्यांचा पत्रा मात्र ठणठणीत राहिला. १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून या लेकी माहेरी परत यायला लागल्या. आल्या की माहेरची माणसं पहिलं काम करतात, ते स्टिअरिंग उजवीकडे घेण्याचं.

आम्हीही दोन वर्षांपूर्वी अशीच एक घेतली. १९७० ची, लाल. उजव्या हाताची करून झालेली. गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडून मूळ नोंदीचा दाखला मागवला, तेव्हा ती जन्माने डाव्या हाताची आणि उत्तर अमेरिकेसाठीची असल्याचं कागदावर आलं. ते काचेवरूनही कळतंच. तिला तीन वायपर आहेत. काचेचा किती भाग पुसला गेला पाहिजे याचा अमेरिकी नियम दोन वायपरांत बसेना, म्हणून कारखान्याने तिसरा लावला. डॅशबोर्डही त्या वर्षी अमेरिकेसाठी वेगळा होता. आपटलं तर डोकं फुटू नये म्हणून जाड गादी भरलेला. हौशी लोक त्याला ‘ॲबिंग्डनची उशी’ म्हणतात. आमच्या गाडीतली उशी काढून तिथे ब्रिटिश पद्धतीचा पत्र्याचा डॅशबोर्ड बसवला होता. दिसायला तोच देखणा, यात शंका नाही.

मी पोटापाण्यासाठी ब्रेकचं काम करते. घेतल्यावर पहिल्याच शनिवारी बॉनेट उघडलं. एमजीबीचं एक बरं आहे. इंजिन आणि माणसं यांच्यामधला पत्रा दोन्ही बाजूंसाठी सारखाच पाडलेला असतो. ज्या बाजूला स्टिअरिंग नाही, तिथली भोकं झाकणं लावून बंद केलेली असतात. झाकण या बाजूचं त्या बाजूला गेलं की निम्मं काम झालं, म्हणून ही गाडी फिरवायला सोपी. स्टिअरिंगचा रॅक मात्र उलटा करून चालत नाही, उजव्या हाताचा वेगळा लागतो. पेडलबॉक्स, मास्टर सिलिंडर, नळ्या, केबल, दिवे, सगळं हलवावं लागतं. ते सगळं हललेलं होतं. रंगही सफाईदार दिला होता. मी उजव्या कोपऱ्यातल्या मास्टर सिलिंडरला हात लावला, आणि थांबले.

त्यातून एकच नळी निघत होती. दोन हव्या होत्या.

हे ज्यांच्या कामातलं नाही त्यांच्यासाठी सांगते. ब्रेकवर पाय दिला की मास्टर सिलिंडर तेल ढकलतो, ते नळ्यांतून चाकांपर्यंत जातं आणि ब्रेक लागतात. सगळी चाकं एकाच वाटेवर असतील आणि ती वाट एका ठिकाणी फुटली, तर चारही चाकांचे ब्रेक एकदम जातात. मग हँडब्रेक आणि देव. म्हणून दोन वाटा करतात. एक पुढच्या चाकांची, एक मागच्यांची. एक फुटली तरी दुसरी गाडी थांबवते. अमेरिकेने १९६६ साली वाहन सुरक्षेचा कायदा केला, आणि १ जानेवारी १९६८ पासून नव्या गाड्यांना दुहेरी ब्रेक सक्तीचे केले. धडक बसली तर ड्रायव्हरच्या छातीत न घुसता दबणारा स्टिअरिंग कॉलमही त्याच नियमांतून आला. ॲबिंग्डनने हे दोन्ही केलं, पण अमेरिकेला जाणाऱ्या गाड्यांपुरतं. ब्रिटिश गिऱ्हाइकाला त्या वर्षी मिळणारी एमजीबी एकेरी ब्रेकची होती, आणि दुहेरी व्हायला तिला पुढे बरीच वर्षं लागली.

आता काय झालं असेल ते तुमच्या लक्षात येईल. ज्याने ही गाडी फिरवली त्याने जुन्या ब्रिटिश गाडीचा पेडलबॉक्स, मास्टर सिलिंडर आणि कॉलम आणून बसवला. उजव्या हाताचे भाग तसेच आणि तिथूनच सहज मिळतात. सासरने लेकीच्या अंगावर घातलेल्या दोन खऱ्या दागिन्यांची माहेरात मोड झाली, आणि ती कुणाच्या ध्यानातही आली नाही.

विकणाऱ्याने आम्हाला फसवलं, असं मी म्हणणार नाही. “सगळं ब्रिटिश गाडीसारखं केलंय,” असं तो म्हणाला होता, आणि ते शब्दशः खरं होतं. १९७० ची ब्रिटिश एमजीबी एकेरी ब्रेकवर आजही कायदेशीरपणे धावते. चूक म्हणायची तर एकच सापडली. मास्टर सिलिंडरमधून निघणारी ती एकुलती एक नळी क्लिप न लावता तशीच सोडली होती, आणि स्टिअरिंग कॉलमच्या सांध्याला घासत होती. नळीवर नखाएवढी जागा आरशासारखी चकचकीत झाली होती. बोट फिरवलं तर तिथे खोलगट लागत होतं. रोज डावीउजवीकडे वळताना सांधा त्या जागेवर कानस फिरवत होता. गाडीचे सगळे ब्रेक त्या नखाएवढ्या जागेवर उभे होते.

घरी कुणी काही बोललं नाही. मुलगा आदल्या दिवशीच त्या गाडीतून क्रिकेटच्या सामन्याला जाऊन आला होता.

मंत्रिमहोदय, आता तुमच्या नियमांकडे येते. अमेरिकेतून जुनी गाडी आणली की चौदा दिवसांत तुमच्या कर खात्याला कळवावं लागतं. तीस वर्षांहून जुनी, आता बनत नसलेली, ऐतिहासिक मोलाची गाडी असेल तर आयात शुल्क माफ होतं आणि व्हॅट पाच टक्के लागतो. पण त्यासाठी एक अट आहे. गाडी मूळ स्थितीत हवी. चासी, बॉडी, इंजिन यांच्याबरोबरच स्टिअरिंग आणि ब्रेक यांतही मोठा बदल झालेला चालत नाही. म्हणजे बंदरावर तुमचं सरकार गाडीच्या स्टिअरिंगची आणि ब्रेकची नावं घेऊन चौकशी करतं. कारण तिथे महसूल आहे. गाडी बंदराच्या फाटकातून बाहेर पडली, आणि त्याच आठवड्यात कुणी तेच स्टिअरिंग आणि तोच ब्रेक उपटून दुसऱ्या बाजूला बसवला, तर विचारणारं कुणी नाही. तिथे फक्त जीव आहे.

तुम्ही म्हणाल, एमओटी ही वार्षिक तपासणी आहे. आहे, आणि ती चांगली आहे. १९६० पासून चालत आलेल्या या तपासणीने किती गाड्या वेळेवर दुरुस्तीला गेल्या असतील, त्याची गणती नाही. पण एमओटी करणाऱ्याला काही खोलण्याची परवानगी नसते. दिसेल तेवढं बघायचं. डॅशबोर्डच्या मागे कुणी काय जोडलं आहे, हे त्याला दिसत नाही, आणि या गाडीला मुळात दुहेरी ब्रेक होते, हे त्याने विचारण्याचं कारण नाही. शिवाय आज एमओटी करून उद्या स्टिअरिंग हलवलं, तरी ती एमओटी वर्षभर चालते. आणि आमच्या गाडीसारख्या जुन्या गाडीला ती लागतच नाही. २० मे २०१८ पासून चाळीस वर्षांहून जुन्या, फारसा बदल न झालेल्या गाड्यांना तिच्यातून सूट आहे.

स्वान्सीच्या डीव्हीएलए या वाहन नोंदणी खात्याकडे कळवायच्या बदलांची यादीही मी पाहिली. रंग, इंजिन, इंधन, चासी, बसायच्या जागा. गाडी लालची निळी केली तर कळवायचं. स्टिअरिंग डावीकडून उजवीकडे नेलं, हे त्या यादीत स्वतंत्रपणे कुठेच नाही. मोठे बदल मोजायला बरीच वर्षं एक गुणांचा तक्ता होता. चासीला पाच, सस्पेन्शन, ॲक्सल, गिअरबॉक्सची यंत्रणा आणि स्टिअरिंग यांना प्रत्येकी दोन, इंजिनला एक, मिळून चौदा. आठ गुण राहिले की गाडीचा मूळ नंबर कायम. स्टिअरिंग फिरवलं की चौदातले दोन गेले, बारा उरले. गाडी पहिल्या श्रेणीत पास. पेडल आणि मास्टर सिलिंडर तर त्या तक्त्यात मोजलेच नव्हते.

बाजू बदलणं हे काम कारखान्यालाही सोपं जात नाही. इथल्या कितीतरी युरोपीय गाड्यांत बॉनेट उघडायचा खटका अजून प्रवाशाच्या पायाशी असतो. मारुती चालवून आलेला पुणेकर इथे पहिल्या वळणावर इंडिकेटर द्यायला जातो आणि कोरड्या काचेवर वायपर सुरू होतात. कारण दांडी आपल्याकडे उजवीकडे, तर या गाड्यांत डावीकडेच राहिलेली. हे हसण्यावारी जातं. पण २०११ मध्ये बीबीसीच्या ‘वॉचडॉग’ कार्यक्रमाने दाखवलं की सिट्रोएन सी३ पिकासोच्या उजव्या हाताच्या गाडीत प्रवाशाने पाय दाबला तर ब्रेक लागू शकत होता. ब्रेकची यंत्रणा डावीकडेच ठेवून पेडलपासून तिथवर आडवी दांडी नेली होती, आणि ती प्रवाशाच्या गालिच्याखालून जात होती. कंपनीला त्या गाड्या परत बोलवाव्या लागल्या. ज्यांच्याकडे शेकडो अभियंते आणि चाचणीचे ट्रॅक आहेत, त्यांच्या हातून हे सुटतं. मग शेडमध्ये एकटा माणूस पक्कड घेऊन हे काम करत असेल, तर दुसऱ्या कुणी ते बघायला नको का?

उलट टोक मला माहीत आहे. मी त्याच देशातून आले आहे. भारतात कलम ५२ खाली कंपनीच्या मूळ रचनेपेक्षा वेगळा बदल करायला मनाई आहे, आणि नवी गाडी रस्त्यावर आणायची तर पुण्यात वेताळ टेकडीजवळच्या एआरएआयसारख्या संस्थेत आधी तिची कसोटी होते. पण सरसकट मनाईने हौस मरत नाही. ती गॅरेजच्या मागच्या दाराने आत येते आणि मग कुणालाच दिसत नाही. मला तुमच्याकडे मनाई नको आहे. ज्या देशात माणूस स्वतःच्या शेडमध्ये गाडी बांधू शकतो, तो देश मला त्यासाठीच आवडतो. मधली वाट ऑस्ट्रेलियाने काढली आहे. तेही आपल्यासारखेच डावीकडून चालतात. तिथे स्टिअरिंगची बाजू बदलली तर मान्यताप्राप्त अभियंत्याचा दाखला लागतो. काम करणारा एक, तपासणारा दुसरा. कुंभार्ली घाटात आमच्या जीपमध्ये हीच पद्धत होती.

माझ्या मागण्या तीनच आहेत.

स्टिअरिंगची बाजू बदललेल्या प्रत्येक गाडीची, तिचं वय कितीही असो, एकदा तपासणी व्हावी. काम करणाऱ्याशी संबंध नसलेल्या जाणकाराने, डॅशबोर्ड उघडा असताना ती करावी. बदल चालू असताना डॅशबोर्ड तसाही बाहेर असतो, त्यामुळे हा एका सकाळचा मामला आहे. दुसरी मागणी : बदल केल्याची तारीख आणि तपासणाऱ्याचा क्रमांक गाडीच्या लॉगबुकात चढावा. पुढच्या घेणाऱ्याला तो वाचता यावा. तिसरी सगळ्यांत महत्त्वाची. बदल केलेली गाडी तिच्या स्वतःच्या मूळ गाडीपेक्षा कमी सुरक्षित होता कामा नये. दुहेरी ब्रेक असतील तर ते दुहेरीच राहावेत, दबणारा कॉलम असेल तर तो दबणाराच राहावा. जन्माच्या वेळी ब्रिटिश गाडीला काय होतं, हे मोजमाप इथे लावू नये.

जुन्या गाड्यांच्या क्लबांना यात सरकारी फेऱ्यांचा वास येईल. त्यांची भीती मला कळते. पण याच क्लबांतल्या म्हाताऱ्या मेकॅनिकांनी मला आमच्या गाडीला दुहेरी मास्टर सिलिंडर परत कसा बसवायचा ते दाखवलं, चहाच्या एका कपावर. ज्ञान आहे, माणसं आहेत. ती बघतात तेव्हा तो उपकार ठरतो. मला तो नियम झालेला हवा आहे.

आणि माझ्या मराठी वाचकांनो, तुमच्यापैकी कुणी परत आलेली अशी गाडी बघायला जाणार असाल, तर रंग आणि इंजिनचा आवाज नंतर बघा. आधी मूळ नोंदीचा दाखला मागा. मग बॉनेट उघडा आणि मास्टर सिलिंडरमधून नळ्या किती निघतात ते मोजा. त्या कुठे घासतात का, ते बोट फिरवून बघा. स्टिअरिंग चेनने किंवा आडव्या दांडीने दुसऱ्या बाजूला नेलेलं दिसलं, तर चहा पिऊन परत या. विमा घेताना हा बदल लपवू नका.

मंत्रिमहोदय, ती घासलेली नळी मी कापून काढली. चार इंचांचा तो तुकडा या पत्राच्या इंग्रजी प्रतीसोबत पाठवते आहे. चकचकीत जागेवर एकदा बोट फिरवून बघावं, एवढी विनंती.

कळावे,
आपली,
ब्रेकचं काम करणारी एक मराठी अभियंता
लेमिंग्टन स्पा, वॉरिकशायर